घट उठेपर्यंत

लोणावळ्याच्या बाजारात माझ्याइतका तिरसट दुकानदार दुसरा नाही, असं रोशनबी म्हणते. ती माझी बायको आहे, तिला माहीत असणार. आमचं दुकान ताडपत्रीचं. अब्बांच्या काळात नुसती ताडपत्री शिवून द्यायचो, आता रेनकोट, बॅटऱ्या, गमबूट, दोर असं सगळं ठेवतो. पावसाळ्यात भुशीकडे निघालेली मंडळी दुकानासमोर गाडी आडवी लावतात आणि विचारतात, "काका, फोनसाठी वॉटरप्रूफ पाऊच आहे का?" माणूस वाहून गेला तरी चालेल, फोन कोरडा राहिला पाहिजे. मी पाऊच देतो आणि सोबत दोन शब्द फुकट सुनावतो. ते हसतात, "काका भारी आहेत" म्हणतात आणि जातात धरणाच्या पायऱ्यांवर बसायला.

पाण्याचा विषय निघाला की माझा आवाज चढतो, हे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. अनंतालाही ठाऊक होतं. म्हणून तर त्यानं मला मंडळात घेतलं.

अनंत शाळिग्राम आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. तो बँकेत लागला, तळेगावला घर बांधलं, साहेब होऊन निवृत्त झाला. मी दुकानातच राहिलो. दोस्ती मात्र टिकली. ईदला तो शिरखुर्मा प्यायला यायचा, आणि त्याच्या आईच्या हातची पुरणपोळी मी माझ्या लग्नाच्या आधीपासून खात आलोय. माई म्हणतात त्यांना सगळे, मीही. निवृत्त झाल्यावर अनंताच्या डोक्यात आलं, किल्ल्यांवर सगळेच जातात, आपण नदीकाठानं चालू. इंद्रायणी, पवना, त्यांना मिळणारे ओढे. रविवारी सकाळी निघायचं, काठाकाठानं जायचं, जेवायला घरी. त्याला त्यानं नदीकाठ मंडळ असं नाव दिलं. तळेगाव-लोणावळ्यातली शिक्षक, ऑफिसवाली, निवृत्त अशी मंडळी जमली.

मी पहिल्याच दिवशी त्याला म्हटलं, "किल्ला काल जिथे होता तिथेच आज असतो. नदीचं तसं नाही. मार्चात फोनवर नोंदवलेली वाट ऑगस्टात पाण्याखाली असते. फोनवरची निळी रेघ मात्र खुशाल पाण्यातून पलीकडे जाते. तिचं काय जातंय?"

"मग तूच हो साहित्यप्रमुख," अनंत म्हणाला. बँकेची सवय, प्रत्येकाला हुद्दा पाहिजे.

मी तो हुद्दा मनावर घेतला, हे माझं नशीब. एक मोठी नारंगी बॅग तयार केली. त्यात लाइफ जॅकेटं, शिट्ट्या, हेल्मेट, काठ्यांना लावायची रबरी टोकं आणि दोन थ्रो बॅगा. थ्रो बॅग म्हणजे छोट्या पिशवीत सैल भरलेला, पाण्यावर तरंगणारा दोर. एक टोक हातात धरून पिशवी भिरकावली की दोर आपोआप सुटत जातो आणि वाहत जाणाऱ्याच्या हाताशी पडतो. पडला पाहिजे, म्हणजे फेकता आला पाहिजे. मंडळातल्या बहुतेकांना तो केरसुणी फेकल्यासारखा फेकता यायचा.

माझे नियमही होते आणि ते मी इतक्या वेळा घोकून घेतले होते की लोक माझी नक्कल करायचे. गुडघ्यावर पाणी असेल तर उतरायचं नाही. उतरायचंच असेल तर आधी एकजण प्रवाहाच्या खालच्या बाजूला दोर घेऊन उभा राहणार, मग पहिलं पाऊल. पाठीवरच्या सॅकचं कमरेचं बकल उतरण्याआधी सोडायचं, म्हणजे पडलात तर सॅक टाकून देता येते, नाहीतर तीच खाली ओढते. आणि घरून निघतानाच नकाशावर पूल किंवा साकव कुठे आहे ते पाहून ठेवायचं. फोनला रेंज नसते, कागदाला लागत नाही.

हे सगळं मनापासून शिकला तो एकच, मुकुल. अरुंधतीबाईंचा मुलगा. अरुंधतीबाई तळेगावात शाळेत भूगोल शिकवतात, नवरा लवकर गेला, हा एकुलता एक. एका कारखान्यात इंजिनियर होता. सुट्टीच्या दिवशी माझ्या दुकानामागच्या बोळात येऊन रिकाम्या पिंपावर थ्रो बॅग फेकत बसायचा. आधी बॅग शेजारच्यांच्या पत्र्यावर पडायची आणि मला शिव्या खाव्या लागायच्या. नंतर नंतर पिंपाच्या बरोबर तोंडात पडायला लागली. "काका, आता मी तुम्हालासुद्धा वाचवू शकतो," म्हणाला. मी म्हटलं, "माझं वजन बघ आणि मग बोल."

तर नवरात्रात अनंताचा फोन आला. खंडेनवमीला माईंच्या घटापुढे मंडळाच्या साहित्याची पूजा करायची, म्हणून बॅग घेऊन ये. मला आवडलं ते, खरं सांगतो. आमच्या शिलाई मशीनला दर दसऱ्याला झेंडूची माळ असते. शेजारचा हलवाई घालायचा, अब्बांनी कधी नको म्हटलं नाही. ज्यावर पोट चालतं त्याला वर्षातून एकदा हात जोडायला कुणाची हरकत असणार? मी बॅग धुतली, जॅकेटांच्या पट्ट्या पुसल्या, दोर पुन्हा नीट भरला आणि नवमीला तळेगावला गेलो.

माईंनी घटासमोर पाट मांडला होता. जॅकेटं, दोर, हेल्मेटं ओळीनं लावली. माईंनी प्रत्येकाला हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. थ्रो बॅगेला कुंकू लावताना मला विचारलं, "यानं माणूस वाचतो होय रे?" मी म्हटलं, "फेकला तर वाचतो, माई." त्या हसल्या आणि त्यांनी त्यावर दोन अक्षता जास्त टाकल्या.

मग चहा पिताना अनंतानं उद्याचं सांगितलं. दसऱ्याला सकाळी मंडळाचं सीमोल्लंघन. मळवली स्टेशनवर जमायचं, भाजे गावाच्या बाजूनं नदीकाठ धरायचा आणि पुढे ओढा आडवा येतो तिथवर जायचं. ओढा म्हणजे पुढच्या गावची शीव. तिथे आपट्याची पानं वाटायची.

"बॅग मी सकाळी येऊन नेऊ का तूच आणतोस?" मी विचारलं.

अनंतानं कप खाली ठेवला. "बॅग नाही येणार. घट उठेपर्यंत पुढ्यातलं काही हलवत नाहीत. उद्या दुपारी नैवेद्य झाला की माई घट उठवतील. त्याआधी हात लावला तर ऐकणार नाहीत त्या."

"मग पूजा करायचीच कशाला सगळ्याची? एक दोर मागे ठेवायचा."

"आता मांडली गेली ना."

मी म्हटलं, "परतीचा पाऊस रोज संध्याकाळी डोंगरावर कोसळतोय. ओढा भरलेला असेल. मी दुकानातला दुसरा दोर देतो, सकाळी मळवलीला आणून देतो. मला बरोबर चालायला जमणार नाही, सुट्टीचं गिऱ्हाईक आहे."

"अरे, दोर कशाला? आपण ओढ्यात उतरणारच नाही. काठावर पानं वाटू आणि मागे फिरू."

"शब्द दे."

"दिला. तुझ्यासारखा संशयी माणूस बँकेत असता तर एकालाही कर्ज मिळालं नसतं."

आम्ही दोघंही हसलो. ज्याच्या बरोबर आयुष्य काढलं त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, तर मग कुणाच्या?

दसऱ्याला दुकान भरलेलं होतं. बाराच्या सुमाराला मंडळातल्या एकाचा फोन आला. मुकुल वाहून गेला होता. ओढा जिथे इंद्रायणीला मिळतो तिथून तो नदीत गेला, आणि दुसऱ्या दिवशी खालच्या बंधाऱ्यापाशी सापडला.

त्या दोन दिवसांबद्दल मी लिहीत नाही. मी काठावर होतो, एवढंच. अरुंधतीबाई खुर्चीवर बसून होत्या, आणि कुणीतरी त्यांच्या डोक्यावर छत्री धरली होती. पाऊस पडत नव्हता.

काय झालं ते मला भागुबाईकडून कळलं. ओढ्याजवळ तिचं घर आहे आणि मंडळ नेहमी तिच्याकडे चहा घेतं. आठवड्यानं ती पडवीला बांधायला ताडपत्री घ्यायला आली. ताडपत्री घेतली आणि उठेना. मी पाणी दिलं.

"इकबालभाऊ, तुमी त्या दिशी आला न्हाईत," ती म्हणाली. "मी चा देताना इचारलं, ती नारंगी बॅग कुटं हाय आज? तर सायेब म्हनले, आज तिची पूजा हाय, मावशी. आज ती आराम करतीया. समदी हासली."

"मग?"

"मग काय. पानी लय व्हतं. लाल पानी. मी म्हनलं हितनं नगा जाऊ, वर साकव हाय, जरा लांब पडंल पर कोरडं जाशाल. सायेब म्हनले, शीव हितं हाय मावशी, साकवावर न्हाई. पलीकडं पाय टेकवायचा आन माघारी यायचं. कुनीतरी फोन काडून दावला, वाट हितनंच जाती म्हनून. हातात हात घालून उतरली सगळी. तो पोरगा म्हनला, मी खाली हुबा ऱ्हातो. सायेब म्हनले, दोर न्हाई तर हुबं राहून काय करशील, चल, शेवटचा हात धर. समदी पल्याड जाऊन पाय टेकवून आली. माघारी येताना त्याचा हात सुटला."

"सॅकचं बकल?"

"ते मला न्हाई ठावं. पाठीवर बॅग व्हती. एकदा वर आला, मग न्हाई आला. सायेब काठानं पळत व्हते. पळून काय करनार?"

ती गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं आणि आत बसून राहिलो. सगळ्या मंडळात दोर नेमका फेकता येणारा एकच माणूस होता, आणि तोच पाण्यात होता. काठावर त्याच्यासाठी फेकायला दोर असता तरी तो फेकला कुणी असता? पण माणूस पाण्यात हात वर करतो तेव्हा त्याच्याकडे काहीतरी यायला हवं. वेडावाकडा फेकलेला का होईना. अनंतानं शब्द मोडला याचा राग होताच. त्याहून जास्त राग मला त्या हसण्याचा आला. आज ती आराम करतेय म्हणे.

त्याच संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर अनंताचा निरोप आला. एकदम शुद्ध भाषेत, बँकेच्या पत्रासारखा. 'दुर्दैवाने साहित्यप्रमुख श्री. इकबाल तांबोळी यांना त्या दिवशी उपस्थित राहता आले नाही व सुरक्षा साहित्य घटनास्थळी उपलब्ध नव्हते. या दुःखद प्रसंगी कोणीही कोणावर दोषारोप करू नये, ही विनंती.' त्याखाली जोडलेल्या हातांच्या चित्रांच्या ओळी.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. मी नव्हतो, खरं. साहित्य नव्हतं, तेही खरं. दोषारोप करू नका म्हटलं की लोकांना तो कुणावर करायचा ते बरोबर कळतं. बॅग नेहमी माझ्याकडे असते, म्हणजे तिची पूजाही माझ्याच दुकानात, असं त्या हसणाऱ्यांनी धरलं असणार. दुसऱ्या दिवसापासून बाजारात लोक माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले. एकजण म्हणाला, "तुमच्याकडे दसरा नसतो ना, म्हणून लक्षात राहिलं नसेल." समजूत काढत होता तो माझी. मी त्याला हाकललं नाही, याचं मलाच आश्चर्य वाटतं.

मी तळेगावला गेलो. अनंत दाढी वाढलेला, अंगणातच बसला होता. मी उभ्यानंच म्हटलं, "बॅग कुठे होती, ते सांग सगळ्यांना."

"सांगणार आहे."

"कधी?"

"माईंना कळलेलं नाही अजून. बॅग घटापुढे होती म्हणून दोर नव्हता, हे त्यांना कळलं तर त्या दुसऱ्या दिवशी नाहीत, इकबाल. त्यांना वाटेल आपण मारला तो पोरगा. मला थोडे दिवस दे. शोकसभा आहे, तिथे मी स्वतः उभा राहून सांगतो. मी शब्द मोडला, मी उतरवलं सगळ्यांना. तोपर्यंत तू कुठे बोलू नकोस. माझ्यासाठी नको, माईंसाठी."

आतून माईंची हाक आली. त्या देवघराशी बसल्या होत्या. घट उठला होता, पाट रिकामा होता. माझा हात धरून म्हणाल्या, "इकबाल, त्या पोराला पोहता येत नव्हतं का रे?" मी म्हटलं, "येत होतं, माई. पाणी जास्त होतं." त्यांनी डोळे पुसले आणि मला जेवून जा म्हणाल्या. मी जेवलो. त्या ताटावरून उठून अनंताला मी सांगितलं, "शोकसभेपर्यंत गप्प बसतो."

रोशनबीला मी ते सांगितल्यावर तिनं कपाळाला हात लावला. "अहो, एकदा फसलात तेवढं पुरे नाही झालं?"

"तो सांगेल."

"सांगायचं असतं तर निरोपातच लिहिलं असतं. त्यात तुमचं नाव लिहिता आलं त्यांना, घट नाही लिहिता आला?"

मी तिच्यावर ओरडलो. ती बरोबर बोलली की मी ओरडतो, ही आमच्या घरातली जुनी गोष्ट आहे.

शोकसभेच्या आदल्या दिवशी अरुंधतीबाई दुकानात आल्या. एकट्या, तळेगावहून लोकलनं. मी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. भिंतीवर टांगलेले दोर बघत राहिल्या.

"तो इथेच यायचा ना सराव करायला?" त्यांनी विचारलं.

"मागच्या बोळात, बाई."

"दोर असता तर वाचला असता का?"

खोटं बोलायचं नव्हतं मला. "सांगता येत नाही. पण त्याला एक संधी मिळाली असती."

"मग का नव्हता?"

तोंडाशी आलं होतं. माई डोळ्यासमोर आल्या, त्यांनी वाढलेलं ताट आलं. आणि दिलेला शब्द. शब्द मोडणारा एक पुरे झाला होता. मी म्हटलं, "बाई, उद्या अनंत सांगेल. सगळं सांगेल. एक दिवस थांबा."

"मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, साहित्य तुमच्याकडे असतं."

"असतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. वर्गात एखादा मुलगा उत्तर येत असून देत नाही, तेव्हा शिक्षक बघतात तसं. मग म्हणाल्या, "मला शिक्षा करायची नाहीये कुणाला, इकबालभाई. मला फक्त कळायला हवंय. रात्रंदिवस तेच डोक्यात फिरतं, दोर का नव्हता. ते एकदा कळलं ना, तर मी निदान झोपेन."

"उद्या कळेल," मी म्हटलं.

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. मुकुलचा फोटो, हार, उदबत्ती. मंडळ झाडून आलं होतं. कारखान्यातली मुलंमुली होती, शाळेतले शिक्षक होते. भागुबाईला कुणी बोलावलं नव्हतं, ती कशाला लागते कुणाला? रोशनबी माझ्याबरोबर हट्टानं आली आणि माझ्या शेजारी बसली. अरुंधतीबाई पहिल्या रांगेत होत्या. माई आल्या नव्हत्या. ते बघून मला बरं वाटलं. म्हणजे आता बोलायला अनंताला काही आड येणार नव्हतं.

दोघं-तिघं मुकुलबद्दल बोलले. मग अनंत उठला. त्यानं कागद आणला नव्हता. आधी फोटोकडे वळून त्यानं डोळे पुसले, आणि ते नाटक नव्हतं. मुकुलवर त्याचाही जीव होता. मी मनात म्हटलं, बोल, अनंता. एकदा बोल आणि मोकळा हो.

"त्या दिवशीचा निर्णय मंडळाचा प्रमुख म्हणून माझा होता," तो म्हणाला. रोशनबीनं माझ्याकडे बघितलं. मी पुढे सरकून बसलो.

"पाण्याचा अंदाज आम्हा सगळ्यांचाच चुकला," तो पुढे म्हणाला. "निसर्गापुढे माणूस लहान आहे. आणि आणखी एक गोष्ट मला बोलायची आहे, कारण गेले काही दिवस बरीच कुजबुज माझ्या कानावर येते आहे. इकबाल माझा बालमित्र आहे. माणूस आहे, चूक होते. साहित्य त्या दिवशी तिथे पोचलं नाही, याचं दुःख त्याच्याइतकं कुणालाच नसेल. मी त्याला गेले काही दिवस पाहतोय. मंडळाच्या वतीनं आणि व्यक्तिशः मी आज इथे सांगतो की आम्ही त्याला माफ केलं आहे. हा विषय इथे संपावा."

हॉलमधल्या सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. कुणाच्याही नजरेत राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. माझ्या मागच्या माणसानं माझ्या खांद्यावर हात ठेवून दाबला. कुणीतरी हळूच म्हणालं, "किती मोठं मन."

मी उठून उभा राहिलो. "अनंता," म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. तो माइकची वायर सरळ करत होता. त्यानं वर बघितलं नाही, आणि तेव्हा मला कळलं की हा माणूस माईंना कधीच काही सांगणार नव्हता, इथे सभेतही काही सांगणार नव्हता, आणि त्याला स्वतःला हे अंगणात बसला होता तेव्हाच ठाऊक होतं. शाळेपासूनचं सगळं त्या एका क्षणात माझ्यासाठी संपलं. वाक्य तयार होतं. बॅग तुझ्या घरी होती, घटापुढे. एवढंच. सहज बोलून झालं असतं.

तेवढ्यात अरुंधतीबाई उठल्या. खुर्च्यांच्या मधून वाट काढत त्या माझ्यापर्यंत आल्या. लोक पाय बाजूला घेत होते. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. मीही त्यांचे घट्ट धरले.

"काल तुम्ही म्हणालात, उद्या कळेल," त्या हळू म्हणाल्या. "कळलं. तुम्हाला स्वतःच्या तोंडानं सांगवेना, होय ना?"

"बाई..."

"असू दे. मुकुल घरी सारखं तुमचं नाव घ्यायचा. तो असता तर म्हणाला असता, काकांना काही बोलू नकोस." त्यांनी श्वास घेतला. पुढचं बोलायला त्यांना किती जड गेलं ते मी इतक्या जवळून बघितलं. "मीपण माफ केलं तुम्हाला. मनातून केलं. आज मी झोपेन बहुतेक. तुम्हीही झोपा."

आता मी काय बोलणार होतो? बाई, चुकीच्या माणसाला माफी दिलीत, परत घ्या आणि तिकडे त्या माइकपाशी उभ्या असलेल्या माणसाला द्या, पुन्हा एकदा सगळं मनातून काढा आणि पुन्हा एकदा जागं राहायला लागा? हे त्या बाईला सांगायचं? तेही मुलाच्या फोटोसमोर? रोशनबी मागून माझा सदरा ओढत होती, बोला म्हणून. अनंत माइकपाशी रडत होता, खरंखरं रडत होता.

मी अरुंधतीबाईंचे हात सोडले आणि माझे जोडले.

"उपकार झाले, बाई," मी म्हणालो.